रेक्याविकहून एका दिवसाची खासगी सहल: सहा जण, एक व्हॅन आणि ऑक्टोबरचा उजेड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही सहा जण आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकला, तीन रात्री राहणार आहात. तुम्ही दोघे, ९ आणि ४ वर्षांची मुले आणि तुमचे आईवडील. आईंचे गुडघे दुखतात. एक दिवस गाइडसकट खासगी गाडी घ्यायची आहे आणि त्या एका दिवसात गोल्डन सर्कल, दक्षिण किनारा आणि जमले तर नॉर्दर्न लाइट्स (रात्रीच्या आकाशातले रंगीत प्रकाशपट्टे) असे तिन्ही बसवायचे आहे. एवढे पैसे खर्च करणे योग्य आहे का, आणि कंपनी कशी निवडायची, हे तुम्ही विचारले आहे.

कंपनीकडे नंतर येतो. आधी दिवसाचे गणित मांडतो, कारण खरी अडचण तिथे आहे. खासगी गाडी घेतली की सगळे एका दिवसात होईल असे वाटते, पण रस्ता बसला जेवढा लांब तेवढाच तुम्हालाही. आइसलँडमध्ये डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ९० किलोमीटर आहे आणि बहुतेक रस्ते दोन पदरीच आहेत. वारा, पाऊस आणि थांबे धरले तर सरासरी ७० ते ७५ चीच पडते. मी अशा दिवसांची आखणी करताना अंतराला याच आकड्याने भागतो. नकाशावरचे ॲप कोरड्या, निवांत दिवसाची वेळ दाखवते.

गोल्डन सर्कल म्हणजे थिंगवेट्लिर, गेसिर आणि गुलफॉस. पूर्ण फेरी साधारण २३० किलोमीटरची, म्हणजे सव्वातीन तास गाडी आणि बाकीचा वेळ पाहायला. दक्षिण किनाऱ्यावर विक गावापर्यंत एका बाजूने सुमारे १८७ किलोमीटर, जाऊन-येऊन पावणेचारशे. नुसते गाडीत बसणेच पाच तासांहून अधिक. त्यात चाळीस-चाळीस मिनिटांचे पाच थांबे आणि जेवण धरले की साडेनऊ-दहा तास होतात. दोन्ही मिळून पंधरा तासांच्या पुढे जाते. त्या आठवड्यात तिथे सूर्य पावणेनऊ-नऊच्या सुमारास उगवतो आणि साडेपाचच्या आसपास मावळतो, म्हणजे उजेड साडेआठ तासांचा. सहल कितीही महाग घेतली तरी अंधारात धबधबा दिसत नाही. दोन्ही एका दिवसात होणार नाही, आणि जो कोणी होईल म्हणून विकत असेल तो प्रत्येक ठिकाणी तुम्हाला पंधरा मिनिटे देणार आहे.

योकुलसारलोनचे हिमनगांचे तळेही कोणीतरी सुचवेल. ते एका बाजूने सुमारे ३७५ किलोमीटर आहे. चार वर्षांच्या मुलासोबत ते एका दिवसात करू नका, एवढेच सांगतो.

मग खासगी गाडीत पैसे कशाचे मोजायचे? थांबायचे किती, कोणत्या क्रमाने आणि कधी परतायचे, हे तुमच्या हातात राहते त्याचे. पन्नास माणसांच्या बसमध्ये गाइड 'पस्तीस मिनिटांनी परत या' म्हणतो. आईंना गाडीपासून दृश्यापर्यंत चालायलाच दहा मिनिटे लागली, तर त्यांच्या वाट्याला पंधरा मिनिटे उरतात. लहानग्याला नेमकी तेव्हाच लघवी लागते. तुमच्या कुटुंबाला खासगी गाडीचा फायदा इथे आहे. दोघेच तरुण असता तर मी लहान गटाची मिनीबस घ्या म्हणालो असतो. आज जो दर मिळेल त्याला सहाने भागा आणि त्याच मार्गाच्या मिनीबसच्या माणशी दराशेजारी ठेवून पाहा. खासगी बहुधा तरीही महागच निघेल, पण दोघांना जेवढी महाग पडते त्या मानाने फरक बराच कमी होतो. तो फरक देण्यासारखा आहे की नाही हे तुमच्या खिशावर आहे. आईंना दिवसभर घाई होणार नाही, एवढी त्याची किंमत धरा.

मार्ग मी गोल्डन सर्कलच सुचवतो. अंतर कमी, स्वच्छतागृहे ठरलेल्या ठिकाणी आणि तिन्ही मुख्य जागा पायऱ्या न चढता-उतरता पाहता येतात. शिवाय कोणी दमले तर मधूनच शहराकडे वळता येते. दक्षिण किनाऱ्यावर हे कठीण जाते, कारण विकहून निघालात की परतीचे अडीच तास टळत नाहीत. दक्षिण किनाराच हवा असेल तर विकचा हट्ट सोडा आणि स्कोगाफॉसवरून परत फिरा. ते सुमारे १५० किलोमीटरवर आहे, एकूण तासभर वाचतो. सेल्यालँड्सफॉस आणि स्कोगाफॉस हे दोन्ही साधारण ६० मीटरचे धबधबे सपाटीवरून दिसतात. पहिल्याच्या मागून जाणारी वाट ओली, निसरडी असते आणि बर्फ धरला की बंद करतात, त्यामुळे तिची आशा धरू नका. विकजवळच्या रेनिसफ्यारा या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर अचानक मोठ्या लाटा आत घुसतात आणि तिथे माणसे वाहून गेलेली आहेत. वाटेवर सूचना देणारे रंगीत दिवे लावले आहेत. लाल दिवा असेल तर लहान मुलांना घेऊन वाळूत उतरायचेच नाही, मग गाइड काहीही म्हणो.

आता गोल्डन सर्कलचा दिवस. बहुतेक बसगाड्या साडेआठ-नऊनंतर शहर सोडतात आणि थिंगवेट्लिर, गेसिर, गुलफॉस याच क्रमाने जातात. त्यांच्या पुढे अर्धा-पाऊण तास राहायचे, एवढेच धोरण ठेवा. सव्वाआठला निघा. तेव्हा बाहेर झुंजूमुंजूच असेल, पण पन्नास मिनिटांनी थिंगवेट्लिरला पोचाल तेव्हा उजेड झालेला असेल.

थिंगवेट्लिरला इ.स. ९३० मध्ये आइसलँडची लोकसभा, आल्थिंग, उघड्यावर भरू लागली. २००४ पासून ही जागा जागतिक वारसा यादीत आहे. उत्तर अमेरिकी आणि युरेशियन भूपट्ट इथे एकमेकांपासून वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर लांब सरकतात आणि अल्मान्नाग्याउ ही उभ्या कड्यांची घळ त्याच ताणातून झाली आहे. इथे खासगी ड्रायव्हर-गाइडचा एक फायदा पुष्कळ लोक घेतच नाहीत. वरच्या वाहनतळावर, माहिती केंद्रापाशी, सगळ्यांनी उतरायचे. तिथून अगदी जवळ सपाट दर्शनस्थळ आहे, ते आईंसकट सगळ्यांनी पाहायचे. मग आई-बाबा गाडीत बसून खालच्या वाहनतळावर जातात आणि तुम्ही चौघे घळीतून उताराने चालत खाली येता. स्वतः गाडी चालवणाऱ्याला तीच वाट परत चढावी लागते. बसचा गाइड मात्र सगळ्यांसोबत चालत येतो, त्यामुळे ज्येष्ठांना पर्याय राहत नाही. मात्र तुमचा ड्रायव्हर आणि गाइड एकच असेल तर घळीत तो तुमच्यासोबत नसणार. म्हणून घळीची माहिती त्याने वर दर्शनस्थळावरच सांगावी, हे आदल्या दिवशी ठरवून ठेवा. इथे एकूण सव्वा तास द्या.

तिथून गेसिर साधारण ६० किलोमीटर. वाटेत लोयगारवात्न गाव लागते, तिथे पाच मिनिटे थांबायला सांगा. मुलांना घेऊन पाऊण-एक तासापेक्षा जास्त सलग बसू नये, हा माझा नेहमीचा हिशेब. गेसिर हा मूळ उष्ण फवारा आता क्वचितच उसळतो. दिसतो तो त्याच्या शेजारचा स्त्रोक्कुर, दर पाच-दहा मिनिटांनी साधारण १५ ते २० मीटर उंच. फोटोसाठी मोबाइल सतत धरून हात गारठवू नका. पाण्याचा पृष्ठभाग आधी फुगतो, निळसर घुमट तयार होतो आणि पुढच्याच क्षणी उसळी येते. तो फुगा दिसताच बटण दाबा. वारा कुठून येतोय ते पाहा आणि पाठीवर वारा घेऊन उभे राहा, नाहीतर सगळा शिडकावा अंगावर येतो. चार वर्षांच्या मुलाचा हात इथे एक क्षणही सोडू नका. जमिनीवरचे ओहोळ साध्या पाण्यासारखे दिसतात, पण ते भाजण्याइतके गरम असतात आणि दोरी गुडघ्याएवढीच असते.

गुलफॉस तिथून दहाच मिनिटांवर. ह्वितां नदी ११ आणि २१ मीटरच्या दोन टप्प्यांत, एकूण ३२ मीटर, खाली पडते. दोन वाहनतळ आहेत आणि दोघांमध्ये लांब जिना आहे. गाइडला वरच्या तळावर थांबायला सांगा, तिथून सपाट वाटेने संपूर्ण धबधबा दिसतो. धबधब्याच्या अगदी जवळ जाणारी खालची पायवाट बर्फ धरला की बंद होते. उघडी असेल तर तुम्ही आणि मोठा मुलगा जाऊन या, बाकीच्यांनी वरच्या उपाहारगृहात चहा घ्यावा. तुषार वाऱ्याने सगळीकडे उडतात, म्हणून कॅमेरा पुसायला कोरडा फडका खिशात ठेवा.

जेवण गुलफॉसलाच उरकू नका. शाकाहारी असाल तर अर्ध्या तासावर रेकहोल्ट गावात फ्रिडहेमर हे टोमॅटोचे काचघर आहे. भूगर्भातल्या उष्णतेवर तिथे बारा महिने टोमॅटो पिकतात आणि वेलींच्या मधोमध टेबले मांडलेली असतात. टोमॅटोचे सूप आणि ताजा पाव हाच मुख्य पदार्थ, त्यामुळे शाकाहारी आई-बाबांना पोटभर जेवता येईल. आयत्या वेळी जागा मिळत नाही. सहलीची तारीख ठरली की त्याच दिवशी दीड वाजताचे टेबल घ्या किंवा कंपनीला घ्यायला सांगा. बाकी ठिकाणी लोकप्रिय पदार्थ म्हणजे मेंढीच्या मांसाचे सूप, हे ध्यानात ठेवा. लहानग्यासाठी घरून चिवड्यासारखे काहीतरी गाडीत ठेवा. दुधाचे पदार्थ आणि मांस मात्र भारतातून आइसलँडमध्ये नेता येत नाही.

जेवणानंतर दोन पर्याय आहेत आणि दोनपैकी एकच निवडा. केरिड हे ज्वालामुखीचे विवर परतीच्या वाटेवर आहे, वीस मिनिटांत काठावरून पाहून होते, थोडे प्रवेशशुल्क आहे. दुसरा पर्याय फ्लुदिर गावचे सीक्रेट लगून, ३८ ते ४० अंश सेल्सिअसचा उघड्यावरचा गरम कुंड. आईंच्या गुडघ्यांना तो फार बरा वाटेल. मात्र तिथला नियम आधीच घरी समजावून सांगा: कुंडात उतरण्यापूर्वी पोहण्याचे कपडे काढून साबणाने अंघोळ करावी लागते, स्त्री-पुरुषांच्या न्हाणीघरांत, आणि बऱ्याचदा ती सामायिक असतात. आपल्याकडच्या ज्येष्ठांना हे आयत्या वेळी कळले की ते बाहेरच बसून राहतात. आत-बाहेर, कपडे, केस वाळवणे धरून दीड तास मोजा. केरिड निवडले तर सव्वाचारला, कुंड निवडला तर पावणेसहाच्या सुमारास शहरात परत याल.

नॉर्दर्न लाइट्स त्याच रात्री नकोत. त्यासाठी अंधार, निरभ्र आकाश आणि सूर्याकडून आलेल्या कणांची पुरेशी हालचाल असे तिन्ही जुळावे लागते, आणि ते कोणत्या रात्री जुळेल ते दोन-तीन दिवस आधी कोणी सांगू शकत नाही. तारीख आधीच बांधली की पैसे ढगांवर लागतात. तीन रात्री आहेत तर रोज संध्याकाळी आइसलँडच्या हवामान खात्याचा ढगांचा नकाशा पाहा. नकाशात पांढरा भाग म्हणजे मोकळे आकाश, हिरवा म्हणजे ढग. आकाश मोकळे असेल तर टॅक्सीने ग्रोट्टा दीपगृहाकडे जा, ते शहराच्या टोकालाच आहे. मुलांना झोपवून मोठ्यांनी जाण्याचीही सोय होते.

हवामानाबद्दल नीट बोलतो, कारण सहल याच्यावरच फसते. तुमच्याकडे पूर्ण दिवस दोनच आहेत. सहल पहिल्या दिवशी ठेवा आणि दुसरा दिवस राखीव ठेवा. बुकिंग करतानाच कंपनीला लेखी विचारा: पिवळा किंवा नारंगी इशारा आला तर दुसऱ्या दिवशी ढकलता येईल का, आणि तेही जमले नाही तर पैसे परत मिळतील का? इशारा हवामान खाते देते, क्रम पिवळा, नारंगी, लाल. वाऱ्याचा वेग तिथे मीटर प्रतिसेकंदात सांगतात, त्याला ३.६ ने गुणा. १५ म्हणजे ताशी ५४ किलोमीटर, २० म्हणजे ७२. उंच व्हॅनला आडवा वारा सहन होत नाही, म्हणून वीसच्या पुढे अनुभवी चालक स्वतःच निघायला नको म्हणतो. त्याचे ऐका. रेक्याविक आणि सेलफॉस यांच्यामधली हेट्लिसहेडी ही खिंड वादळात बंद होते. तेव्हा गोल्डन सर्कल सोडून रेक्यानेस द्वीपकल्पाचा अर्धा दिवस करता येईल का, हेही विचारून ठेवा. तिथे सेल्टुन आणि गुन्नुह्वेर ही उकळत्या चिखलाची ठिकाणे आणि दोन भूखंडांमधला पूल आहे. त्या भागात २०२१ पासून वरचेवर उद्रेक होत आहेत आणि ग्रिंडाविक गाव नोव्हेंबर २०२३ मध्ये रिकामे केले गेले. त्यामुळे रस्ते उघडे आहेत की नाही ते त्या दिवशी सकाळी बघावे लागते.

गाडीबद्दल चार नेमके प्रश्न विचारा. तुम्ही सहा आणि चालक, म्हणजे सात. सात आसनी जीपमध्ये तिसरी रांग इतकी अरुंद असते की तिथे आई बसणार नाहीत आणि लहान मुलाची खुर्चीही धड बसणार नाही. नऊ आसनी व्हॅन मागा. आईंना चढायला पायरी आहे का, हे फोटो मागवून पाहा. १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना योग्य खुर्ची किंवा बूस्टर (मुलाला उंच बसवणारी बैठक) लावणे तिथल्या कायद्याने सक्तीचे आहे. दोघांची उंची आणि वजन आधीच कळवा, 'दोन मुले आहेत' एवढ्याने भागत नाही. खिळ्यांच्या टायरना १ नोव्हेंबरपासून सरसकट परवानगी असते, त्यामुळे ऑक्टोबरअखेरीस गाडीला हिवाळी टायर आहेत का हे विचारणे रास्त आहे. सुपरजीप मात्र घेऊ नका, ती उंच असते आणि या मार्गावर सगळा रस्ता डांबरी आहे.

कंपनी निवडताना पहिली चाळणी परवान्याची. दिवसाच्या सहली विकणाऱ्यांना आइसलँडच्या पर्यटन मंडळाचा परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी मंडळाच्या संकेतस्थळावर आहे, नाव ताडून पाहा. भाड्याने प्रवासी नेणाऱ्या गाडीलाही वेगळा परवाना लागतो. समाजमाध्यमांवर 'मी फिरवून आणतो' म्हणणाऱ्याकडे हे दोन्ही नसेल तर अपघात झाल्यावर विम्याचे काय, याचे उत्तर मिळत नाही. दुसरी चाळणी दरपत्रकाची. दर गाडीचा आहे की माणशी? किती तासांचा आणि पुढच्या तासाला किती? इंधन, वाहनतळांचे शुल्क, केरिडचे तिकीट आणि कुंडाचे तिकीट धरले आहे का? बक्षिसी देण्याची तिथे रीत नाही, कोणी ती बिलात धरली असेल तर कारण विचारा. शेंगेन व्हिसा हातात येईपर्यंत पूर्ण परताव्याची अटच मान्य करा.

तिसरी गोष्ट थोडी नाजूक आहे. गाइड इंग्रजीत बोलणार, आणि आई-बाबांना ते सगळे कळेलच असे नाही. हळू बोला आणि दर ठिकाणी दोन मिनिटे भाषांतराला द्या, असे आधी कळवले तर चांगला गाइड त्याप्रमाणे कमी पण नेमके सांगतो. न कळवल्यास तो दिवसभर बोलत राहतो आणि मागच्या रांगेतले दोघे खिडकीबाहेर पाहत राहतात. आईंच्या गुडघ्यांबद्दलही लपवू नका. सांगितले तरच तो दाराशी गाडी आणतो.

गाडी तुम्हाला कुठून घेणार ते पक्के करा. शहराच्या मध्यवस्तीत मोठ्या गाड्यांना मनाई आहे आणि त्यासाठी क्रमांकाचे थांबे ठरवून दिले आहेत. तुमचे राहण्याचे ठिकाण अशा गल्लीत असेल तर व्हॅन दारात येईल का, की थांब्यापर्यंत चालावे लागेल, हे पत्ता देऊन विचारा. सकाळी आठच्या अंधारात आई-बाबांना तीनशे मीटर निसरड्यावरून चालवायचे की नाही, हा साधा प्रश्न नाही.

कपड्यांत चूक होते ती जीन्सची. सुती कापड भिजले की सुकत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेते. वरून वारा-पाणी अडवणारे जाकीट आणि पँट, आतून लोकर किंवा कृत्रिम धाग्याचे थर. छत्री नेऊ नका, वाऱ्यात ती उलटते. प्रत्येक मुलामागे दोन जादा मोजे आणि एक जादा हातमोज्याची जोडी गाडीत वेगळ्या पिशवीत ठेवा, कारण गेसिरनंतर एकाचे तरी ओले होतातच. आई-बाबांसाठी बुटांना बांधायचे छोटे खिळ्यांचे पट्टे न्या, बाकीच्यांना खोल खाचांचे तळ पुरतील. आणि गाडीचे दार उघडताना दोन्ही हातांनी धरा. वाऱ्याने दार झटकन पूर्ण उघडून बिजागर वाकते आणि लहान बोटे तिथेच असतात. मुलांना सांगून ठेवा की दार फक्त मोठ्यांनी किंवा गाइडनेच उघडायचे.